गाडीची ताकद की नुसता आवाज?

आमच्या कापड बाजारातील काही तरुण गाडीचा मूळ एअर फिल्टरचा डबा काढून घरच्या घरी उघडा फिल्टर बसवतात. आवाज वाढतो, म्हणून ताकदही वाढली असे वाटते. आम्हाला हा सौदा तोट्याचा वाटतो.

मूळ डबा बहुधा बाहेरची थंड हवा घेतो. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली की तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी मावते. मग ताकद वाढणार कशी? काहीजण थंड हवेसाठी नळी खाली बंपरपर्यंत नेतात. पण साचलेल्या पाण्यातून जाताना तीच नळी पाणी ओढते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे विसरू नये. शिवाय अशा बदलावर विमा कंपनी हरकत घेऊ शकते.

भिवंडी, मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावांत कापसाचे तंतू व धूळ फिल्टरमध्ये अडकतात. व्यापारी बंधूंनी मूळ फिल्टर वेळेवर बदलावा. खर्च थोडा, फायदा खात्रीचा. हप्ते चालू असलेली गाडी बंद पडली तर माल गोदामातच राहतो. गिऱ्हाईक आवाजाला नव्हे, वेळेवर पोचलेल्या मालाला पैसे देते.