आश्रय आटल्यावर

राजाश्रय आटला की पदरच्या गुणवंतांचे काय होते, हे कुरुंदवाडसारख्या जुन्या संस्थानी गावाला कोणी सांगावयास नको. १९४८ साली पटवर्धनांचे संस्थान विलीन झाले आणि आश्रय देणारी गादीच उरली नाही. भारतीय फुटबॉलमध्ये हाच प्रकार अलीकडे घडला. फरक इतकाच, की येथे गादीच्या जागी कंपनी होती. गोव्याचे डेरिक परेरा यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

परेरा हे साळगावकर संघाचे बचावपटू. १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा फेडरेशन चषक जिंकणाऱ्या त्या संघाच्या भरभराटीच्या काळातले. पुढे प्रशिक्षक होऊन ते मुंबईस आले आणि २००५-०६ च्या हंगामात त्यांनी महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीगचे विजेतेपद मिळवून दिले. चारच वर्षांनी, २०१० मध्ये, महिंद्रने संघ बंद केला. तोवर परेरा पुण्यास गेले होते. त्यांच्या हाताखाली पुणे एफ.सी. हा नवखा संघ २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये तिसरा आणि २०१२-१३ मध्ये दुसरा आला. काही वर्षांतच तोही मोडला. परेरा आपल्या जुन्या साळगावकरकडे परतले. २०१६ मध्ये साळगावकरने आय-लीगमधून अंग काढून घेतले. मध्यंतरी ज्या डीएसके शिवाजियन्सची धुरा त्यांनी वाहिली, त्या संघाचाही गाशा २०१७ मध्ये गुंडाळला गेला. यांतल्या एकाही पडझडीचे कारण मैदानावर शोधून सापडणार नाही.

प्रशिक्षकाने गावे बदलावीत यात नवल नाही. बेल्जियमचे ह्यूगो ब्रूस हेही बचावपटूच. क्लब ब्रुगे आणि अँडरलेख्ट या दोन्ही संघांना त्यांनी प्रशिक्षक म्हणून विजेतेपद मिळवून दिले, २०१७ मध्ये कॅमेरूनला आफ्रिका चषक जिंकून दिला आणि पुढे दक्षिण आफ्रिकेचा संघ हाती घेतला. परंतु ब्रूस निघून गेले म्हणून १८९१ सालचे ब्रुगे बुडाले नाही. तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क आणि तयार केलेल्या खेळाडूंची विक्री यांवर असे क्लब उभे असतात. आपल्याकडे संघ हा कंपनीच्या हिशेबात प्रसिद्धीचा खर्च. तो कोणत्याही वर्षी खोडता येतो. अर्थात केवळ कंपन्यांना बोल लावणे न्याय्य नव्हे. रिकाम्या गॅलरीसमोर कोणी किती वर्षे पैसा ओतावा?

कोल्हापुरात स्थिती नेमकी उलटी आहे. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर लोटणारी गर्दी पुण्या-मुंबईच्या संघांना हेवा वाटावा अशी असते. तालमीचा संघ पेठेचा असतो. मालक उठून गेला म्हणून तो मोडत नाही. उणीव आहे ती शास्त्रशुद्ध शिक्षण देणाऱ्या पूर्णवेळ, पगारी माणसाची. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव घडला तो पुण्यात, आणि तेथेही पुणे एफ.सी.च्या अकादमीचा त्यात वाटा होता. तो संघ आता नाही.

तेव्हा प्रेक्षक जे तिकिटाचे पैसे मोजतात, त्यांतला ठरावीक हिस्सा कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनने वेगळा ठेवावा आणि दोन-तीन तालमींनी मिळून एक प्रशिक्षक नेमावा. पेठांची ईर्षा लक्षात घेता तालमींना एकत्र आणणे हेच पैशापेक्षा अवघड जाईल. नेमणूक मात्र एका हंगामाची नको, निदान पाच वर्षांची हवी.