याले फळ कधी येते?



मोर्शीच्या पोराला संत्र्याचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेलं कलम आणायचं, लावायचं अन् पुढची चार-पाच वर्षं नुसतं पाणी द्यायचं. मग पहिलं फळ! त्यानंतरही आंबिया बहार टिकतो की फळगळ होते, व्यापारी बगीच्याला काय भाव देतो, सगळं रामभरोसे. अशा घरात वाढलेला मी, पण दुसऱ्या वर्षाला असताना मला पाच मिनिटंसुद्धा दम धरवत नव्हता.

झालं असं, की आमच्या होस्टेलवर क्रिप्टोची साथ आली. बगीच्याच्या इसारातून बाबांनी फीसाठी पाठवलेले 40 हजार खात्यात होते आणि फी भरायला महिनाभर अवकाश होता. म्हटलं, तेवढ्यात फिरवून घेऊ! पहिल्या आठवड्यात 6 हजार सुटले. मग काय, आपण तर एकदम हुशार! लेक्चरला मोबाइल बेंचखाली, रात्री दोन वाजता उठून भाव बघणं सुरू. फी भरायच्या दिवशी खात्यात 17 हजार उरले होते.

आधी वाटलं, नशीब खराब. नंतर कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा कळलं, की नशिबाआधी गणितच खराब होतं. 1 एप्रिल 2022 पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ 30 टक्के कर आहे, वर सेस. एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे एकदा 10 हजार कमावले अन् एकदा 10 हजार गमावले, तर हातात शून्य, पण कर 3 हजारांच्या वर! शिवाय जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस. तो रिटर्न भरल्यावर हिशेबात धरला जातो हे खरं, पण तोवर पैसा अडकतो. सगळी रक्कम 50 वेळा विकून पुन्हा घेतली तर 0.99 चा 50 वा घात काढा. उत्तर येतं 0.605. भाव जागचा हलला नाही तरी चाळीस टक्के भांडवल अडकलं, अन् एक्स्चेंजची फी वेगळीच.

'मी वेगळा आहे' असं प्रत्येकालाच वाटतं. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. तिथे निदान सेबी तरी आहे!

मग घ्यायचं आणि ठेवून द्यायचं, हे बरं का? ट्रेडिंगपेक्षा बरं, यात शंका नाही. क्रिप्टोवाले ज्याला 'होडल' म्हणतात तो शब्दसुद्धा 2013 साली 'होल्ड' चुकीचं लिहिल्यामुळे जन्मला. लिहिणाऱ्याने कबूल केलं होतं, की आपल्याला ट्रेडिंग जमत नाही म्हणून आपण ठेवून देतोय. माझ्यापेक्षा शहाणा निघाला तो!

पण ठेवणंही सोपं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइन 69 हजार डॉलरच्या आसपास होतं, वर्षभरात ते 16 हजारांच्या खाली गेलं. डिसेंबर 2024 मध्ये त्याने 1 लाख डॉलर ओलांडले. हे वाचायला छान वाटतं. पण मधल्या काळात तीन चतुर्थांश पैसा गेलेला बघत कोण बसेल? ज्याला फी भरायची आहे तो? आणि सगळीच नाणी परत वर येत नाहीत. 'लुना' एप्रिल 2022 मध्ये शंभर डॉलरच्या वर होतं, मे महिन्यात मातीमोल झालं. वाळलेल्या झाडाला पाणी देणं म्हणजे संयम नव्हे. शिवाय नाणं चांगलं असलं तरी ते ठेवलंय कुठे, हा प्रश्न उरतोच. जुलै 2024 मध्ये वझीरएक्सवर सायबर हल्ला झाला, सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि लोकांचे पैसे वर्षभराहून जास्त काळ अडकले.

दिवाळीत घरी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "बाबू, ठेवून देलं तं याले फळ कधी येते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. एफडीला व्याज येतं, चांगली कंपनी लाभांश देते, संत्र्याला बहार येतो. नाण्याला यातलं काहीच येत नाही. बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांपेक्षा जास्त कधीच होणार नाहीत म्हणून भाव वाढेल, असं म्हणतात. वाढेलही. पण मोजकं असणं वेगळं आणि फळणं वेगळं. आपल्यामागून कोणीतरी जास्त भावात घेईल, एवढीच त्यात आशा आहे.

म्हणून मित्रांनो, माझं मत स्पष्ट आहे. रोजची घे-वीक आपल्यासाठी नाहीच. ठेवायचंच असेल तर स्वतः कमावलेला, उद्या शून्य झाला तरी मेसचं बिल थांबणार नाही, एवढाच पैसा ठेवा. अन् फीच्या पैशाला हातही लावू नका, त्यावर आधीच कोणाची तरी पाच वर्षं लागलेली असतात.

माझी फी शेवटी मामांकडून उसने घेऊन भरली. शिकवण्या घेऊन अजून फेडतोय. बघा, पटतं का!

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी