वाळूच्या टेकड्या दुपारी बघू नका

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आई-बाबा भारतातून आले होते, तेव्हा त्यांना कोलोरॅडोतल्या ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेले. पोहोचायला दुपारचा एक वाजला. हवा छान होती, सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सियस. बाबांचं अर्धं आयुष्य गुहागरला गेलेलं. त्यांनी सवयीने चपला काढून हातात घेतल्या आणि चालू लागले. मेडानो ओढ्याच्या ओल्या पात्रात काही वाटलं नाही. पुढच्या कोरड्या वाळूत वीस-पंचवीस पावलं गेल्यावर ते एकदम ओरडले. चपला घालेपर्यंत दोन्ही तळव्यांना चटके बसले होते; रात्री फोड आले. उरलेली सहल गाडीत बसूनच झाली.

चूक माझी होती. उन्हाळ्यात इथली वाळू ६५ अंशांपर्यंत तापते, हे मी उद्यानाच्या माहितीत वाचलं होतं. हवा गार लागली आणि मी ते विसरले.

हवेचं तापमान वेगळं, वाळूचं वेगळं. उद्यान समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० मीटरवर आहे. त्यामुळे हवा थंड, पण ऊन कडक. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते, म्हणून उष्णता लवकर खाली झिरपत नाही, वरच्या थरातच साठते. वीतभर उकरलं की खाली गार, ओलसर वाळू लागते. समुद्रकिनाऱ्यावरची ओली वाळू बाष्पीभवनामुळे थंड राहते, आणि आपल्या पायांना सवय असते ती तिचीच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: उन्हाळ्यात या टेकड्या बघायच्या तर रात्रीच्या मुक्कामाला जा. ते जमत नसेल तर पहाटे चढा आणि दहाच्या आत खाली या. भर दुपारी तासभर उतरून फोटो काढून निघायचं, ही आपली नेहमीची पद्धत इथे सगळ्यात धोक्याची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांची वादळंही येतात, आणि उघड्या कड्यावर सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो.

दुपारी काही धड दिसतही नाही. डोक्यावरच्या उन्हात सावल्या नसतात, सगळं सपाट, पिवळट वाटतं. या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या, सव्वादोनशे मीटरच्या घरातल्या. नैऋत्येचा नेहमीचा वारा वाळू डोंगराकडे ढकलतो आणि वादळी वारे ईशान्येकडून ती परत लोटतात. या रेटारेटीत टेकड्या पुढे सरकण्याऐवजी उंच होत गेल्या. हे समजतं ते सूर्य कलल्यावर, कड्यांच्या सावल्या पडल्यावर. चालतानाही तेच ध्यानात ठेवा: वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि कमी चढाची असते, आडोशाची बाजू साधारण ३४ अंशांची आणि भुसभुशीत, तिच्यावर दोन पावलं चढलं की एक घसरतं. कड्याकड्याने जावं.

मुक्काम सोपा नाही, हे कबूल. परवाना लागतो, दिवसा फिरण्याचा भाग ओलांडून आत जावं लागतं, पायवाटा नाहीत, सगळं पाणी पाठीवर न्यावं लागतं. शेकोटीला परवानगी नाही. तंबूच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोऱ्या बांधून त्या पुरायच्या. लहान मुलं सोबत असतील तर पहाटेचाच पर्याय बरा.

पण त्या सप्टेंबरात मी मैत्रिणीबरोबर तिथे राहिले. अंधार पडल्यावर वाळू झपाट्याने थंड झाली आणि मध्यरात्री स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागली. २०१९ पासून हे अधिकृत 'डार्क स्काय पार्क' आहे. आकाशगंगा शोधावी लागली नाही. सकाळी आमच्या पावलांचे ठसे वाऱ्याने पुसले होते आणि तंबूभोवती कांगारू रॅटच्या नव्या, बारीक उड्या उमटल्या होत्या. दुपारी ओसाड दिसणारी जागा रात्री जागी असते.

गेल्या ऑक्टोबरात बाबा पुन्हा आले. या वेळी संध्याकाळी गेलो. ओढा ओलांडल्यावर ते वाकले, तळहात वाळूवर टेकवून मनात दहा आकडे मोजले, आणि मगच बूट काढले. तुमच्याकडे पाहुणे आले की त्यांनाही आधी एवढं करायला सांगा.