सशाला गाजर घालणाऱ्या शेतकरी बंधूंनो

हरभऱ्याच्या घाटेअळीवरचे बरेच प्रश्न इनबॉक्समध्ये पडून आहेत, त्यांना उद्या उत्तर देतो. आज सशावर लिहायचंय आणि जरा कडक लिहायचंय. राग आला तर खाली भांडा, मी इथंच आहे.

आमच्या आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेल्या कोंबडीच्या पिल्लांशेजारी आता सशांचे पिंजरे लागायला लागलेत. पांढरं, लाल डोळ्यांचं, तळहातावर मावेल एवढं पिल्लू. चारशे-पाचशेला जोडी. पोरगं हट्ट धरतं, बाप खिशात हात घालतो. विकणारा म्हणतो, "काय लागत नाय ओ याला. गाजर टाका, कोबी टाका, चपातीपण खातंय." आणि हे ऐकून मान हलवणारा कोण असतो? ज्याच्या दावणीला चार गायी आहेत तो. गाय घेताना हा गडी दात बघतो, कास दाबून बघतो, वेत विचारतो, धार काढून बघितल्याशिवाय इसार देत नाही. पण सशापुढं त्याचं सगळं शहाणपण जातं कुठं? पिल्लू किती दिवसांचं आहे, एवढंसुद्धा विचारत नाही.

शहरातल्या फ्लॅटवाल्यानं चूक केली तर मी समजू शकतो, त्यानं कधी चारा कापलेला नाही. पण आपण चाऱ्यावर जगणारी जनावरं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतोय. आपल्याला ही माफी नाही.

दिवाळीत आमच्या भावकीत एका घरी अशी जोडी आली. चौथ्या दिवशी एक गेलं, सहाव्या दिवशी दुसरं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. बाप म्हणाला, "नजर लागली." मी विचारलं, घातलं काय? गाजर, बिस्किट, भिजवलेली पोळी, वर वाटीभर दूध. आता हाच बाप, गाईनं चुकून मक्याच्या पोत्यात तोंड घातलं तर रात्रभर डोळा लावत नाही. पोट फुगेल, आम्ल होईल, डॉक्टरला फोन कर, हे त्याला पाठ आहे. मग पाव किलोच्या जिवाला पिठूळ आणि गोड घातलं की नजर लागते होय?

पोटाची रचना समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. गाईचं आंबवण्याचं पोट पुढं असतं. चारा आधी तिथं आंबतो, मग आतड्यात जाऊन अंगी लागतो. सशाची आंबवण्याची पिशवी मागं असते, लहान आतडं संपतं तिथं. डॉक्टर मंडळी तिला सीकम म्हणतात. घोड्याचंही साधारण असंच. त्या पिशवीतले जंतू प्रथिनं बनवतात, ब जीवनसत्त्वं बनवतात, पण ती अंगी लागायचं लहान आतडं तर मागंच राहिलं. म्हणून ससा रात्री-पहाटे मऊ, चिकट, द्राक्षाच्या बारीक घोसासारख्या लेंड्या टाकतो आणि थेट तिथंच तोंड लावून गिळतो. घाण खातो म्हणून त्याला हाणू नका. तो रवंथच करतोय असं समजा, रस्ता तेवढा वेगळा.

ही पिशवी चालते धाग्यावर, म्हणजे लांब काडीच्या वाळल्या गवतावर. गवत थांबलं आणि साखर-पीठ आत गेलं की चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात, गॅस धरतो, आतडं चालायचं थांबतं. सशाला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढंच सरकलं पाहिजे, नाहीतर खेळ संपला.

दातांचंही तेच. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण दोन मिलिमीटर. दाढासुद्धा वाढतात. त्या झिजतात गवत आडवं दळून, गाजर कुरतडून नाही. गवत नसलेल्या सशाच्या दाढांना काटे येतात, जीभ-गाल फाटतात, लाळ गळते, आणि मालक म्हणतो, "खातच नाय, लाडावलंय."

तेव्हा गाजर हा खुराक नाही, ती मिठाई आहे. मोठ्या सशाला आठवड्यातून एक-दोनदा अंगठ्याएवढा तुकडा, बस. गाजराचा पाला मात्र खुशाल घाला. कोबीनं गॅस धरतो, तो टाळलेला बरा. गाजरगवत तर चुकूनही नको. हसू नका, नावात गाजर आहे म्हणून घातलेला माणूस मी बघितलाय.

चारा आपल्याकडं काय कमी आहे? मारवेल, पवना, हराळी, डोंगरी गवत सावलीत वाळवून ठेवा. बुरशीचा वास आला की उकिरड्यावर. सशाच्या अंगाएवढा ढीग रोज समोर पाहिजे, कमी पडता कामा नये. लसूणघास वाढत्या पिल्लाला चांगला, पण सहा महिन्यांपुढच्या सशाला रोज नको. त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, सशाच्या लघवीवाटे बाहेर पडतो आणि मूत्राशयात गाळ नाहीतर खडा धरतो. कोथिंबीर, मुळ्याचा पाला मूठभर, नवीन पाला एकावेळी एकच आणि थोडा थोडा. कांदा, लसूण, टोमॅटो-बटाट्याचा पाला, रुई, घाणेरी, धोतरा लांब ठेवा. आणि फवारलेल्या बांधावरचं गवत कापून आणू नका. तणनाशक मारलं कोणत्या बांधाला आणि गवत कापतंय कोण, याचा हिशोब बऱ्याच घरांत नसतो. गाईला पचलं म्हणजे दीड किलोच्या जिवाला पचेल असं नाही.

मागच्या वेळी मी सशाचा विषय काढला तेव्हा एका कृषी पदवीधर मित्रानं लिहिलं की प्रथिनं कमी पडतात, सरकी पेंड चालू करा. भाऊ, तुमचा आदर आहे, पण हा सल्ला गाईचा आहे. सरकीतलं गॉसिपॉल गाईच्या रवंथाच्या पोटात बऱ्यापैकी निकामी होतं. सशाला ते पुढचं पोटच नाही. गाईची गोळी पेंडही त्याच कारणानं नको, त्यात युरिया असू शकतो. कोंबडीचं खाद्य तर अजिबात नको, त्यात रक्ती हगवणीवर घातलेली काही औषधं सशाला विष ठरतात.

आता औषधांचं, कारण इथं आपण सगळ्यात जास्त जीव घेतो. सशाला खरूज होते. कानात, नाकावर, पंजांवर पांढरट खपल्या धरतात. लोक दुकानात जाऊन कुत्र्याच्या गोचिडाचा स्प्रे आणतात. त्यातल्या बऱ्याच स्प्रेंमध्ये फिप्रोनिल असतं. होय, तेच, जे आपण उसात आणि भातात वापरतो. ते सशाला चालत नाही, झटके येऊन ससा जातो. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक असाच गेला. दुकानदार म्हणाला, "कुत्र्याला चालतंय, मांजराला चालतंय, याला का नाय चालणार?" हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा असतो, दुकानदाराला नाही. खरजेवर चांगलं औषध आहे, पण वजन करून, डोस काढून, डॉक्टरच्या हातनं.

दुसरं, घरातलं पोराचं गोड अँटिबायोटिक सिरप. ससा शिंकतो म्हणून चमचाभर पाजलं. अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन सशाला तोंडातनं दिलं की त्या मागच्या पिशवीतले चांगले जंतू मरतात आणि दोन-चार दिवसांत हगवण लागून ससा जातो. मग आपण म्हणतो, सर्दीनं गेला.

तिसरं, उपास. बैलाचं पोट फुगलं की आपण चारा तोडतो, ती सवय इथं लावू नका. ससा बारा तास काही खात नसेल किंवा त्याच्या लेंड्या थांबल्या असतील तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. गोडेतेल पाजायला जाऊ नका, फुप्फुसात गेलं तर त्यानंच मरेल.

बाजारातली पिल्लं एवढी लहान का असतात, याचा कधी विचार केलाय? लहान दिसलं की खपतं. तीन आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून आणतात. त्याला निदान पाच आठवडे दूध पाहिजे, सात-आठ आठवड्यांनंतर विकलं तर खरा माणूस. अर्धवट दुधावरनं तोडलेलं पिल्लू, प्रवास, गर्दी, नवीन खाणं आणि वर पोटातला कॉक्सिडिया, हे सगळं एकदम आलं की पोट ढमढोल होतं, हगवण लागते आणि खेळ संपतो. म्हणून तळहातावर मावणारं पिल्लू घ्यायचं नाही. आपण घेतो म्हणून तो आणतो. दोन बाजार कुणी घेतलं नाही तर तिसऱ्या बाजाराला तो पिंजरा दिसणार नाही.

"जोडी" हाही एक गंमतीचा शब्द. एवढ्या पिल्लात नर-मादी ओळखणं जाणत्यालाही अवघड. दोन्ही नर निघाले तर चार महिन्यांत एकमेकांना फाडतात. नर-मादी निघाली तर एकतीस दिवसांत पिल्लं, आणि व्यालेल्या दिवशीच मादी पुन्हा भरते. वर्षात घरभर ससे. मग पोत्यात घालून ओढ्याकाठी सोडून द्यायचे, तिथं कुत्री आणि मुंगूस वाटच बघत असतात. आपल्या भाषेत ससेहोलपट हा शब्द उगाच आला नाही. तीन महिने झाले की डॉक्टरकडून ओळखून घ्या आणि वेगळे करा.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. आपल्या सरकारी मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं सशांची केंद्रं कुठं ठेवलीत बघा: कोडाईकनालजवळ मन्नवनूर, आणि अंगोरा सशांसाठी कुल्लूकडचं गडसा. थंड डोंगर निवडलेत. आणि आपण एप्रिलात, पारा चाळीसच्या वर असताना, पत्र्याखाली पिंजरा टांगतो. सशाला घाम येत नाही, कान हाच त्याचा पंखा. तीसच्या पुढं तो कासावीस होतो. पिंजरा झाडाखाली किंवा कौलारू पडवीत, भोवती ओलं गोणपाट, आत फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली. पाणी चोवीस तास, दोन किलोचा ससा पाव लिटरच्या आसपास पितो, उन्हाळ्यात जास्त. आडवा पडून धापा टाकत असेल तर कानांना गार पाणी लावा, बादलीत बुडवू नका. एरवीही अंघोळ नको, शाम्पू तर नकोच.

काही जण म्हणतील, पोरांना प्राण्यांची गोडी लागते. लागू दे की. दारात करडू आहे, वासरू आहे, ते द्या पोराच्या हातात. गोठा असलेल्या घरात गोडी लावायला बाजारातनं ससा आणावा लागतो, हे मला तरी पटत नाही. तरी आणायचाच असेल तर आणा, पण सांभाळायची जबाबदारी मोठ्या माणसाची. नीट ठेवला तर ससा आठ-दहा वर्षं जगतो. आज तिसरीत असलेलं पोरगं तेव्हा कॉलेजात असेल. आणि कानाला धरून उचलू देऊ नका. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. तो लाथ झाडताना स्वतःचाच मणका मोडून घेतो.

ऊसतोड चालू आहे म्हणून एक वेगळी गोष्ट. फडात केसाळ, डोळे उघडलेलं पिल्लू सापडलं तर तो रानससा. बाजारातल्या सशाची जात वेगळी, त्याची पिल्लं जन्मतः उघडी आणि आंधळी असतात. रानसशाची आई पिल्लाजवळ बसून राहत नाही, अंधार पडल्यावर येऊन पाजून जाते. ते पोरकं नसतं. कोयत्याच्या वाटेत असेल तर उचलून शेजारच्या बांधाच्या गवतात ठेवा आणि कुत्री हाकला. घरी आणलं तर बहुतेक मरतं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हाही आहे. टोळीतल्या लोकांनाही हे समजावून सांगा, ते ऐकतात.

ज्यांच्या घरी आत्ता ससा आहे त्यांनी आज संध्याकाळी दोन कामं करा. पिंजऱ्याच्या जाळीवर फळी नाहीतर गोणपाट आणि वर गवत टाका, तारेवर बसून तळपाय सोलतात. आणि सकाळी लेंड्या बघा. हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या असतील तर ठीक. बारीक, केसात ओवल्यासारख्या किंवा पातळ असतील तर फोटो इथं टाकत बसू नका, आधी दवाखान्यात जा.