वारुळाच्या मातीवरील टेनिस

टेनिस म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें विंबल्डनची हिरवळ उभी राहते. आणि तशी हिरवळ, निदान सिमेंटचें कोर्ट तरी, असल्यावांचून हा खेळ नकोच, असें कित्येक विद्यार्थी व त्यांचे पालकही धरून चालतात. आम्हांस हें मान्य नाहीं.

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतीं वाळवीचीं वारुळें विपुल. तीं फोडून, माती कुटून लोक जमिनीवर पसरतात, पाणी शिंपडतात व वरून रूळ फिरवितात. वाळल्यावर ती घट्ट बसते. १९३८ सालीं याच प्रांतांतील रॉकहॅम्प्टन येथें जन्मलेला रॉड लेव्हर अशाच मातीवर खेळावयास शिकला. पुढें १९६२ आणि १९६९ या दोन्ही सालीं जगांतील चारही प्रमुख स्पर्धा त्यानें जिंकल्या. (आमच्याकडे वारूळ पाहून नागोबा आठवतो, टेनिस कोणास आठवत नाहीं!)

उलट माद्रिद येथील प्रकार पाहा. दूरचित्रवाणीवर चेंडू उठून दिसावा म्हणून २०१२ सालीं तेथें नेहमींच्या तांबड्या मातीऐवजीं निळी घातली. दिसावयास ती सुरेख होती खरी; पण खेळाडूंचे पाय घसरूं लागले, नादाल व जोकोविच यांनीं उघड तक्रार केली, आणि पुढील वर्षीं निळ्या मातीस परवानगी मिळाली नाहीं.

पाय ठरतो काय, चेंडू सरळ उसळतो काय, एवढेंच कोर्टास विचारावें. चाळून, भिजवून, नीट दाबलेला मुरूमही याचें उत्तर देऊं शकेल. सिमेंटची वर्गणी पुरी होईतों आजचे विद्यार्थी शाळा सोडून गेलेले असतील.