पाटीवर पीरभॉय, खाली मेट्रोचा रूळ

माथेरानच्या छोट्या गाडीचं मॉडेल करायला घेतलं की हौशी मंडळी इंजिनावर जीव टाकतात. रंग, धुराडं, डब्यांच्या खिडक्या, सगळं जुने फोटो समोर ठेवून. समोर पाटी: ‘1907, नेरळ–माथेरान, पीरभॉय यांची रेल्वे’. रूळ मात्र दुकानात मिळेल तो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, “रुळाकडे कोण बघतं?”

मग हा इतिहास कसला?

बाजारात सर्रास मिळणारा एचओ रूळ 16.5 मिमी रुंद असतो. मॉडेलचं माप 1:87. गुणाकार केला की येतात 1435 मिमी. हे मुंबई मेट्रोचं गेज! माथेरानचा रूळ दोन फुटी, म्हणजे 610 मिमी. वीस फुटांमागे एक फूट चढ आणि अवघड वळणं अरुंद रुळावरच जमली. ती निवड हाच या रेल्वेचा प्राण आहे.

उंचीचंही तेच. ‘कोड 100’ रूळ 2.54 मिमी उंच. 87 पट केला तर 221 मिमी. आजच्या मेन लाइनचा 60 किलोचा रूळसुद्धा 172 मिमीच असतो. माथेरानचे मूळ रूळ तर यार्डाला 30 पौंडांचे, अगदी हलके. आणि सांधे? मेन लाइनला शोभणारा 8 नंबरचा लांबलचक सांधा डोंगरातल्या चिमुकल्या स्टेशनात घातला की स्टेशनच खोटं पडतं. तिथे 4 नंबरचा आखूड सांधा हवा.

“तसा रूळ मिळत नाही” ही सबब झाली. आधी रूळ ठरवा, मग माप. 32 मिमीच्या रुळावर 1:19 चं मॉडेल केलं तर 608 मिमी येतात. घरात तेवढी जागा नसेल तर 1:87 ला 6.5 मिमीचा झेड रूळ घ्या. 565 मिमी येतात, फरक थोडा. त्याचे बारीक, दाट स्लीपर काढून लांब आणि विरळ बसवा. 9 मिमीचा रूळ 783 वर जातो. तो बार्शी लाइटच्या 762 साठी ठेवा.

आपल्या माणसांचं काम लोक विसरले, अशी तक्रार आपण नेहमी करतो. मग हेही लक्षात घ्या: या गाडीची पहिली इंजिनं जर्मनीहून विकत आणलेली होती. सर आदमजींचा पैसा आणि अब्दुल हुसेन यांची जिद्द ज्यात उतरली, तो डोंगरावर चढवलेला रूळ होता. तोच चुकवून पाटीवर त्यांचं नाव लिहिणं हा आदर नव्हे.