न मावणारी संख्या

गेल्या वर्षीं जळकोटास फीमाफीची एक यादी तयार होत असतां आम्हीं विलक्षण प्रकार पाहिला. दोन विद्यार्थिनींचे नोंदणीक्रमांक २१ई४५० व २१ई६१२ असे होते. मधला 'ई' हें तुकडीचें इंग्रजी अक्षर. पण संगणकाच्या आज्ञावलीनें ती दहाच्या घाताची खूण मानिली व पहिला क्रमांक 'एकवीस गुणिले दहाचा ४५० वा घात' असा वाचला. एवढी संख्या मावेना, म्हणून तेथें मुकाट्यानें 'अनंत' मांडलें. दुसरीचेंही तेंच झालें. अनंत आणि अनंत सारखेच ठरले, दोघी मुली एक झाल्या आणि एकीचें नांव गळलें. तिचे वडील विचारावयास आले नसते तर तें कोणाच्या ध्यानींही आलें नसतें.

संगणक अपूर्णांकी संख्या बहुधा ६४ बिटांत ठेवितो. १९८५ सालीं ठरलेल्या प्रमाणाप्रमाणें त्यांत सुमारें १.८ गुणिले दहाचा ३०८ वा घात एवढीच मोठी संख्या मावते. 'लीलावतीं'त भास्कराचार्यांनीं स्थानांचीं नांवें परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत, दिलीं आहेत. परार्ध येथें सहज मावेल. तेव्हां मर्यादा तोकडी ही आमची तक्रार नव्हे. तक्रार आहे ती मौनाची.

सी भाषेंतील साधन निदान मर्यादा ओलांडल्याची खूण मागें ठेवितें. मात्र ती आधीं पुसून मागाहून पाहावी लागते, आणि पाहतो कोण? गो भाषा उत्तराबरोबर चूकही हातीं देते. आमच्या मुलांना प्रिय असलेली पायथन मात्र अनंत देऊन निमूट पुढें जाते. कोणी म्हणेल, प्रमाणांतच अनंतास स्थान आहे. आहे खरें, पण गणित करितां करितां निघालेलें अनंत निराळें, आणि माणसानें लिहिलेला मजकूर न पेलल्यामुळें बसविलेलें अनंत निराळें. शून्याचा प्रकार तर याहून घातक. घात उणे ४५० असता तर उत्तर शून्य आलें असतें, आणि शून्य पाहून कोणास संशय येतो?

हिशेबनीस न लागणारा आकडा दिसला कीं समासांत खूण करून विचारावयास जातो. आज्ञावलीनेंही थांबून मूळ मजकूर जसाच्या तसा दाखवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. शिवाय नोंदणीक्रमांक ही मुळीं संख्याच नव्हे. त्यांची बेरीज कोण करितो? तो अक्षरांसारखाच ठेवावा. आम्हीं तो तसा ठेवविला, व त्या मुलीचें नांव पुढील आठवड्यांत पुरवणी यादींत आलें.